तिघंच या म्हणले म्हादेव

...आन् मागून मागून मागितलं तरी काय हो त्या छबूनं? सोन्याचं डोरलं मागितलं? येगळी चूल मागितली? एक बेट बघायचं व्हतं बिचारीला. बेट! गोदावरीच्या पात्रातलं! चारी अंगानं पाणी, मधी वाळू, चार चिंचा आन् म्हादेवाचं एवढंसं देऊळ. बास. तेवढं बघायला तिला काय काय करावं लागलं... तुमाला सांगते, हैदराबादेहून निजामसरकारची सवारी निघाली तरी एवढा बंदोबस्त लागत नसंल!

छबू म्हंजी आमच्या नेकनूरच्या राधाकिशनची बायको. माझ्या भिताडाला भिताड लावून घर हाय तिचं, म्हणून तर मला सगळं ठाव. लग्नाला सा वरसं झाली. घरात सासू, दीर, जावा, त्यांची कच्चीबच्ची... नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची सोय न्हाई! तो ओसरीवर, ही चुलीपुढं. त्याला तहान लागली की तो खांबाला सांगणार, "पाणी पाहिजे बरं का." खांब काय पाणी देतोय? हीच देणार, मान खाली घालून, तोंडावर हा एवढा पदर! आन् असल्या संसारातबी एक लेकरू झालं, आता अडीच वर्षांचं हाय. नाव काय ठेवलं, तर धर्मराज. आता नावच धर्मराज, मग पोटात काय राहतंय? कानावर पडलं की तोंडातनं भायेर!

तर एक दिवस गेवराईकडची कासारीण बांगड्या भरायला आली, आन् हात दाबता दाबता म्हणली, "बाई, आमच्याकडं नदीत बेट हाय, तिथं माणूस न्हाई, काणूस न्हाई, नुस्तं पाणी वाजतंय." झालं! छबूच्या डोक्यात शिरलं. माणूस न्हाई! म्हंजी सासू न्हाई, जावा न्हाई! आपण, आपला नवरा आन् धर्मा. छकड्यात बसायचं, जायचं, एक दिवस त्या वाळूत बसायचं, सा वरसाचं साठलेलं बोलायचं आन् माघारी यायचं. लई मोठं मागणं हाय का हे? तुमीच सांगा!

रोज दुपारची ती भाकर घेऊन रानात जायची, तिथंबी दीर आसायचेच; एकदा ते विहिरीवर गेले तेवढ्यात लिंबाखाली पदराआडनं नवऱ्याला म्हणली, "अवं, बेटावर जाऊ." राधाकिशन म्हंजी कसा, गरीब माणूस, कधी कोणाला न्हाई म्हणणार न्हाई, आन् व्हय म्हणलं तरी उठणार न्हाई. तो म्हणला, "जाऊ की. एवढी खुरपणी होऊ दे. बेट काय पळून चाललंय व्हय?" खुरपणी झाली. मग काय, तर बैलाचा खांदा सुजून आलाय. "बेट काय पळून चाललंय व्हय?" खांदा बरा झाला, तर चाकाची लोखंडी धाव निसटली. ती बसवली, तर हुरड्याला पावणे येणार. "आगं, बेट काय..." मला तर वाटायचं, त्या बेटालाच पाय फुटावं आन् त्यानं येऊन ह्याच्या दारात बसावं!

शेवटी एकदाचा नवरा कबूल झाला, तर म्होरं सासू! बायडाबाई! तुमी बघितली न्हाई बायडाबाई. दारात उभी राहिली की कुत्रं आपसूक रस्ता बदलतंय. तिच्याकडनं इजाजत कशी काढायची? तर छबूनं काय करावं... सपान पाडलं! सकाळी सकाळी सासूचे पाय धरले आन् म्हणली,

"आत्याबाई, म्हादेव सपनात आले."

"माझ्या कावून न्हाई आले? सोमवार मी धरते!"

"तुमी जाग्या असाल म्हणून माझ्याकडं आले. म्हणले, लेकराला घेऊन बेटावर या."

"मग जाऊ की समदे."

"न्हाई, तिघंच या म्हणले."

"तिघंच कावून? देवाला काय गर्दी होती व्हय?"

"बेट बारीक हाय, म्हणले."

अवं, ही काय बोलली! मी भिताडाच्या ह्या अंगाला पदर तोंडात कोंबून बसले. पण म्हातारी देवभोळी! म्हणली, "जावा मग. पण लेकरू झोपायचं कसं?"

आता हितं खरी मेख होती. धर्मराजाला आजीच्या कानाची पाळी हातात असल्याबिगर झोपच येत न्हाई! कानच पाहिजे, तोबी डावा. छबूनं काय कमी खटपट केली? रोज दुपारी आजीला शेजारी धाडायची, लेकराला मांडीवर घ्यायची आन् आपला कान त्याच्या हातात द्यायची. ते पोरगं चाचपून बघायचं आन् म्हणायचं, "हा न्हाई." दुसरा द्यायची. "हाबी न्हाई!" ओढून ओढून कानाच्या पाकळ्या लाल झाल्या तिच्या, पण हळूहळू पोरगं पेंगायला लागलं हो. छबू मला म्हणली, "वैनी, जमलं!" मी म्हणलं, "बाई, अजून छकडा हलला न्हाई, तू जमलं म्हणू नको."

आन् तसंच झालं. रानात दीर नसल्याचं बघून लिंबाखाली दोघं ठरवीत बसले, ही पदराआडनंच. दशम्या कधी करायच्या, मांजरसुंब्याचा घाट कधी उतरायचा, बीडला मुक्काम कोणाकडं. राधाकिशन म्हणला, "आन् माय म्हणली मीबी येते, तर?" ही म्हणली, "म्हणायचं, छकड्यानं तुमची कंबर धरती." तो म्हणला, "बरं. पण मायला कळू देऊ नको." लेकरू हिच्या खांद्यावर झोपलं होतं. झोपलं होतं म्हणते मी, पण तसं ह्या दोघांना वाटलं!

सांजच्याला बायडाबाई अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडीत होती, मी समोर बसलेली, आन् धर्मराज आले. आजीच्या कमरंला हात लावला.

"आजे, तुझी कंबल धलती."

"न्हाई रं राजा. कोण म्हणलं?"

"आयनं. छकल्यात धलती. दादा म्हणला, मायला कलू देऊ नको."

सूप जागच्या जागी थांबलं! मी वर बघितलं न्हाई, चुलीजवळ छबूनं बघितलं न्हाई, राधाकिशन गोठ्यात गेला तो दिवा लागला तरी भायेर आला न्हाई. आन् म्हातारी? काहीच बोलली न्हाई! पाखडायला लागली. आता ओरडली आसती तर बरं झालं आसतं का न्हाई? गप बायडाबाई म्हंजी... छबूच्या तर मनात आलं, जायचंच रद्द करावं, पण म्हादेवाचं सपान सांगून बसलेली, माघार कशी घ्यायची? आता राधाकिशन तिला समजावतोय, "ऱ्हाऊ दे की, बेट काय पळून..." "गप बसा!" म्हणली. नवऱ्याला! इतकी ती टेकीला आलती.

जायचा दिवस उजाडला. छबू दशम्यांचं गठुडं घेऊन, लेकरू कडंला मारून भायेर आली, आन् बघती तर छकड्यात, गवताच्या गादीवर, अगदी मधोमध, बायडाबाई! नवं लुगडं, हातात बकरीची दोरी.

"आत्याबाई... म्हादेव तिघंच..."

"मी कुठं आले? माझा कान आलाय, लेकराच्या झोपंसाठी. बकरी आलीय त्याच्या दुधासाठी. आन् आज माझी कंबर धरलेली न्हाई. हाक रं राधाकिशन!"

निघाले! म्होरचं मला छबूनंच सांगितलं. राधाकिशन बैलांपाशी, ही माघं, मधी सासू डोंगरासारखी, आन् बकरी घाटात बसली ती उठंना, तर छबूनं तिला पोटाशी धरून घाट उतरला. पाली गाव आलं, पोरगं विचारतंय, "बेट आलं?" न्हाई रं. बीडची वेस दिसली, "हे बेट?" न्हाई रं बाबा. डबकं दिसलं, "बेट!" मुक्काम करीत करीत गेवराई ओलांडली, तवर त्या एका सवालानं बैलांनीसुद्धा माना टाकल्या. गाडीत छबू नवऱ्याशी किती बोलली म्हणता? एक शबुद न्हाई. ती पदराआडून त्याची पाठ बघायची, बास.

नदी आली. काय पाणी! आन् पल्याड ते बेट, खरंच, चिंचांसकट. सुग्रीव म्हणून म्हातारा नावाडी बसला होता, त्यानं नाव काठाला लावली. बायडाबाईनं नाव बघितली, पाणी बघितलं, परत नाव बघितली, आन् तुमाला सांगते, आयुष्यात पयल्यांदा त्या बाईचं तोंड उतरलं!

"ह्या काठवटीत बसायचं?"

"बसा की माय, रोज माणसं नेतो."

"मी न्हाई बसत! आन् माझं लेकरूबी न्हाई बसू देत!"

छबू म्हणली, "आत्याबाई, म्हादेवानं लेकराला घेऊन या म्हणलंय."

"म्हादेवाला सांग, लेकरू काठावर हाय, तितनंच बघून घे म्हणावं. तुमी दोघं जावा आन् नारळ फोडून या."

सुग्रीव म्हणला, "ठरवा बाई निवांत, बेट काय पळून चाललं न्हाई. मी मात्र जेवायला चाललो." तशी छबूनं उडीच मारली नावंत! राधाकिशन तिच्या माघं. काठावर धर्मराजानं आजीचा डावा कान धरला, दोन मिंटात डोळे मिटले.

दोघं बेटावर! नुस्ती दोघं! नारळ फोडला, सुग्रीव नाव घेऊन पल्याड गेला, आन् हे वाळूत बसले. हातभर अंतर ठेवून, पण बसले. पाणी वाजतंय, टिटव्या पळतायत, माणूस न्हाई. वाऱ्यानं छबूच्या डोक्यावरला पदर सरकला आन् तिनं तो वर घेतला न्हाई. राधाकिशननं बघितलं. बघतच राहिला. म्हणला,

"तुझ्या हनुवटीवर गोंदण हाय व्हय?"

सा वरसं, बरं का! छबूला हसू आलं, रडूबी आलं. म्हणली, "हाय की. माहेरी गोंदलं." तो जरा सरकला. हातभराचं अंतर वीतभर झालं. सा वरसाचं साठलेलं तिच्या अगदी ओठावर आलं, तिनं तोंड उघडलं... आन् पल्याडच्या काठावरनं, पाण्यावरनं, एक बोंब आली!

दोघं एकदमच ताडकन उठले, आन् दोघांच्या तोंडून एकदमच निघालं,

"उठला वाटतं!"

झालं. बेटावर जे काय बोलणं झालं, ते एवढंच.