वेटिंग दोन, शाली एकोणीस

...न्हाई, मला एक सांगा, काहीच ठरलेलं नसताना माणसाचा सत्कार करतात का हो? कुठं करतात? आमच्या निलंग्यात करतात! माझा झाला ना. एकदा न्हाई, एकोणीसदा. बसा, सांगते. मला बसवंना गेलंय, पण तुम्ही बसा.

तर मी सुकन्या. नांदेडला विद्यापीठात एमएस्सी करून राहिले, भूगोलात. तिथं एक योजना आली, एक सेमिस्टर पोलंडला जाऊन शिकायचं, फेब्रुवारी ते जून. जागा सहा, माझा नंबर आठवा. म्हणजे वेटिंग दोन. आमच्या सुदर्शन सरांनी नीट समजावलं, वरचे दोघं गळाले तरच तुझं जमतंय, मेल बघत ऱ्हा, शेवटच्या दिवशी तर दोन-चार तासांचीच मुदत देतात, तेवढ्यात होकार न्हाई कळवला की जागा खालच्याला. एवढं सरळ हाय की न्हाई? मी घरी फोन करून अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शब्द न शब्द सांगितला. अप्पांनी ऐकलं काय? "यादीत नाव हाय." बस! मी म्हणलं, अप्पा, वेटिंग हाय हो... तर म्हणले, "अगं, लातूरच्या गाडीला वेटिंग दोन म्हणजे कन्फर्मच की."

आता अप्पांचं कापडाचं दुकान, भर बाजारात. आन अप्पांच्या पोटात काही म्हणजे काही ऱ्हात न्हाई. परकर घ्यायला आलेल्या बाईलाबी सांगायचे, "आमची सुकन्या पोलंडला चालली." मी शनिवारी गावी उतरते तर चौकात माझा फ्लेक्स! फोटो कोणता? दहावीच्या हॉल तिकिटावरचा, दोन वेण्या, डोळे अर्धे मिटलेले. मागं आयफेल टॉवर. मी फ्लेक्सवाल्याला म्हणलं, दादा, हा टॉवर पोलंडात न्हाई. तो म्हणला, "ताई, परदेशाचं आपल्याकडं हेच हाय."

आन अजून काहीच ठरलं नव्हतं, तुम्हाला सांगते!

मग जेवणं सुरू झाली. आमच्याकडं लांब जाणाऱ्याला घरी बोलावून जेवू घालतात, आन एकाकडं गेलं की दुसऱ्याकडं जावंच लागतं, न्हाईतर तोंडं फुगतात. सकाळी पुरणपोळी, दुपारी पुरणपोळी, चार वाजता "नुसती एक खा". समोरच्या शरणम्मा आजींनी ओटी भरली, डोळ्याला पदर लावला, म्हणल्या, "तिकडं तुला पुरण कोण घालंल गं?" मी म्हणलं, आजी, अजून माझं... तर तोंडात पोळी! आन घरोघर शाल. शाली कुठल्या? आमच्याच दुकानातल्या! लोक अप्पांकडून घेणार, मला पांघरणार, मी ती घरी आणणार. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, तर घडी घालून परत दुकानाच्या फडताळात ठेवायला निघाली होती, मीच आडवी आले.

मला ना रात्री झोप, ना दिवसा चैन. दर दोन मिनिटाला मेल बघायचे. जेवताना डाव्या हाताने, ओटी भरताना पदराखालून. कारण मला खरंच जायचं होतं हो. नकाशावर आयुष्य काढलंय मी, आन लातूर-नांदेडच्या पलीकडं पाऊल न्हाई टाकलेलं.

आठवडाभर हेच चाललं, आन शेवटचा दिवस आला सोमवार. मी म्हणलं, आज मी घरातून हलणार न्हाई. अप्पा म्हणले, "महादेवाचा वार हाय, आजच होतंय बघ," आन त्याच दिवशी व्यापारी संघटनेचा मोठा सत्कार ठेवला! दुपारी बारालाच मला स्टेजवर बसवलं. मी फोनात बघून राहिले, तर अप्पांनी फोन हातातून काढून घेतला. "बरं दिसत न्हाई, लोक बघतात." आन दिला माझ्या चुलत बहिणीला, अंजूला, लाइव्ह कर म्हणून.

झालं, भाषणं सुरू. संघटनेचे अध्यक्ष राजशेखर काका उठले, दोनच शब्द बोलतो म्हणले आन पाऊण तास बोलले. त्यांच्यामागं अजून नऊ जण. मी खालून अंजूला खुणा करते, मेल बघ, मेल बघ! तिला वाटलं हात हलवून राहिलीय, ती म्हणते, "ताई, अजून हस!"

साडेपाचला फोन हातात आला. एक वाजता मेल आलेला. वरचे दोघं गळाले होते. जागा माझी होती. पाचपर्यंत होकार कळवायचा होता. सरांचे सात कॉल. अंजूने सातही कापलेले, लाइव्ह तुटतंय म्हणून.

तिथंच सरांना फोन लावला. सर म्हणले, जागा नऊ नंबरच्या दीपमालाला गेली, पाच वाजून चार मिनिटांनी. मग मी रडले. हार गळ्यात होता आन मी रडले, आन लोकांनी त्यावरबी टाळ्या वाजवल्या, पोरगी किती हळवी म्हणून!

घरी गेल्यावर अप्पांना मेल वाचून दाखवला. अप्पा हळूच म्हणले, "माझ्यामुळं गेलं का गं?" मी म्हणलं, न्हाई अप्पा, अंजूमुळं. दोघंबी हसलो थोडं. मग अप्पा म्हणले, "कुणाला सांगू नको." जन्मात पहिल्यांदा माझ्या बापाला एखादी गोष्ट पोटात ठेवायची होती, आन ती हीच निघाली!

म्हणून आता गावाच्या लेखी मी पोलंडला, आन खरी नांदेडला होस्टेलवर. एप्रिल चालू हाय, कूलर बंद पडलाय, आन निलंग्याची गाडी स्टँडवर लागली की मी तोंडाला ओढणी बांधून खांबामागं जाते. काल राजशेखर काकांचा फोन, "बेटा, थंडी लई असंल ना?" घाम पुसत म्हणलं, हाव काका, बोलताना तोंडातून वाफ निघायलीय.

काका खूश झाले. म्हणले, जूनमध्ये परत आल्याचा सत्कार ठेवलाय, शालींची ऑर्डर अप्पांकडं देऊन ठेवली.