उजेडाला वळण

उजेडाच्या बाबतीत बमरोलीत, आमच्या विणकरांच्या वस्तीत, माझ्याइतका जाणकार कुणी नव्हता. म्हणजे एका खोलीतला फ्यूज उडाला की मला बोलवायचे, आणि मी हात लावला की सगळी चाळ अंधारात जायची.

तर नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी भाची सुजाता एमएस्सी झाली आणि पुण्याला संशोधनाला जायचं म्हणून हटून बसली. तिचे वडील, आमचे दाजी, माझ्यासारखेच लूमवरचे कारागीर. म्हणाले, "आधी मला समजंल असं सांग, मग जा."

ती म्हणाली, "बाबा, सेमीकंडक्टरच्या चकतीतून उजेड निघतो, पण वाट्टेल तिकडे पांगतो. साटीनच्या कापडात तुम्ही धागे कसे बसवता, त्यावर चमक कुठून दिसणार ते ठरतं ना? तसे मी त्या चकतीवर केसाहून बारीक चरे पाडणार. चरे जसे असतील, तसा उजेड जाणार."

मी मध्येच तोंड घातलं. "म्हणजे तू उजेडाला वळण लावणार?"

"हो, मामा."

दाजींना पटत आलं होतं. "किती दिवस लागतील?"

"पाच वर्षं."

"पाच वरीस? इतला टाइम कसाले?"

मला आयतंच रान मोकळं मिळालं. म्हटलं, "अगं, उजेड बिचारा गरीब, उलटून बोलत नाही. त्याला वळण लावायला पाच वर्षं?"

सुजाता तोवर बॅग भरायला लागली होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, तुम्हाला वळण लावता लावता मामीची तीस वर्षं गेली. तिला कुणी विचारलं का, एवढा वेळ कशाला म्हणून?"