जांभळं कमळ

हॅलो?… कोण?… हां, चैताली व्हय! बोल की गं. ताईचा आवाज वळखू आला न्हाय?… सर्दी न्हाय गं. वरडून वरडून बसलाय.

काय?… तळ्याच्या ओटीचे फोटो? बघितले की. परवाधरनं गावच्या ग्रुपवर तेच चालू हाय. 'आमचं तळं, आमचा अभिमान.' थू!

मग थुकू नको तर काय करू?… व्हय, व्हय, कमान चांगली हुती. साऊंडबी चांगला हुता. तळ्यातलं बगळं उठून पार होटगीपतोर गेलं असतील… हसू नगंस. जेवणाच्या पत्रावळ्या कुटं गेल्या, इचार. तळ्यात. द्रोण? तळ्यात. आन् त्याच पाण्याफुडं हात लांब करून सगळ्यांनी शपथ घेतली, पाणी राखू म्हणून. पायापाशी पत्रावळ्या तरंगायल्यात आन् हे शपथ घ्यायलेत!

काय म्हणतीस?… त्ये जांभळं कमळ? लई आवडलं तुला?

चैताली. त्ये कमळ न्हाय. जलपर्णी हाय ती.

व्हय गं, तीच. उन्हाळाभर आमी कंबरंएवढ्या पाण्यात उभं राहून उपसली, तीच. मी, मल्लव्वा, भोईवाड्यातल्या सगळ्या. पायाची कातडी निघाली, तवा कुटं पाणी दिसाया लागलं, मासा वर याया लागला. हे गेल्यापासनं माजं घर त्या मासळीवरच चालतंय की. मासाच न्हाय राहिला तर मी खाऊ काय?

कुणी आणली म्हंजी? मांडववाल्यानं आणली. नदीतनं, टेम्पो भरून. फुलं जांभळी दिसली, फुकट मिळाली, झालं! पाटी लावली, 'जांभळं कमळ'. आन् उत्सव समितीचे हिंदुराव बायकांना म्हणत्यात, यंदा तळ्याची ओटी खण-नारळानं नको, कमळानं भरू. प्लास्टिक न्हाय, कचरा न्हाय, एकदम निसर्ग!… अकलेचा कांदा मेला.

अगं ऐक ना… ऐक की! मी मागनं वरडत हुते, सोडू नगा, पाण्यात सोडू नगा. त्या साऊंडात तुला कसं ऐकू येणार? फुडं कोण येऊ देतंय मला? ओटी सवाशिणींनी भरायची. मला म्हणत्यात, मुक्ताबाई, तुमी मागं थांबा. जलपर्णी उपसायला फुडं, ओटी भरायला मागं!

न्हाय, रडत न्हाय. किळस आलीय मला.

तू ओटी झाल्या झाल्या गाडी धरलीस, फुडचं तुला कुटं ठाऊक? मी एकलीच उतरले, रोपं गोळा कराया. तर आडवी कोण आली? मल्लव्वा! माज्यासंगं उन्हाळाभर राबलेली मल्लव्वा. हात धरला माजा. म्हणती, ओटीत घातलेलं माघारी काढत न्हाईत गं, अपशकुन असतोय… व्हय, खरं. म्हटलं, बाई, ही ओटी वाढती. बघता बघता एकाची दोन, दोनाची चार. तर म्हणती, वाढली तर चांगलंच की, तळ्याला बरकत!

आता कपाळ कुटं बडवून घिऊ?… हॅलो?… ऐकू येतंय का?

काय?

तुज्याबी ओटीत घातलं?… माहेरवाशीण म्हणून? मी मागं हुते, मला कसं दिसणार!… आन् तू घरी घिऊन गेलीस? बशीत ठेवलंस का?… मग कुटं?

हिरीत.

चैताली, प्यायच्या पाण्याच्या हिरीत?… काशम्मा म्हणाल्या? तुज्या सासूबाईंना काय ठाऊक, कमळच वाटलं असंल त्यांना… व्हय, ओटीतलं उकिरड्यावर टाकत न्हाईत, कळतंय मला. बरं… बरं. एकच रोप हाय नव्हं? काढ मग. आत्ता काढ… एकच नव्हतं?

वाटलंस?

ओटी एकटीनं ठेवू नये म्हणून पाच सवाशिणींना वाटलंस? एकेक रोप? त्यांनी कुटं सोडलं?… शाळंच्या हौदात… ओढ्यात… पुरं. फुडचं सांगू नगंस.

न्हाय, तुज्यावर चिडले न्हाय… चिडले! व्हय, चिडले! उन्हाळ्यात माज्या पायाला तेल लावाया आलतीस तू. तळ्याच्या काठाला तिचे ढीग बघितलेस. तरी तुला पान वळखू आलं न्हाय?… तवा फुलं नव्हती, म्हणं!

बरं, रडू नगंस. ऐक आता. उद्या पयल्या गाडीनं अक्कलकोटला तुज्याकडं येते मी… म्हंजी? कोण काढू देणार न्हाय? काशम्मा?… सवाशिणीनं ओटीतलं काढलं की अपशकुन हुतो म्हणतात?… मग बरंच हाय की. मी कुटं सवाशीण हाय?

सांग समद्यांना, अपशकुनी बाई येतीय म्हणावं. हिरीत उतराया दोर तेवढा काढून ठेव. ठेवते.