लाल नंबरप्लेट

बुकित बातोकच्या बसथांब्यावर माझ्या मागे उभे असलेले दोघे शेजारी मराठीत बोलत होते.

"अहो निशिकांत, तुम्ही बसच्या रांगेत? स्पोर्ट्स कार घेतलीत ना?"

"घेतली ना, सुलेखाताई. पण लाल नंबरप्लेटची. कर कमी बसतो, म्हणून कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतरच काढायची. शनिवार-रविवार मोकळी."

"मग रविवारी कुठे फिरलात?"

"छे! रविवारी केवढी गर्दी. ओरखडा आला म्हणजे?"

"आणि सातनंतर?"

"इंजिनाचा आवाज फार होतो. वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात."

"मग करता काय तिचं?"

"पुसतो."

"त्यापेक्षा तुमच्या भावासारखी छोटी घ्यायचीत."

"त्याचं नाव नका काढू! नेदरलँड्समध्ये राहतो, तिथल्या कराला घाबरून डबडं घेतलं त्यानं. गाडी घ्यायला छाती लागते."

"चालवतो तरी."

"चालवतो कसला, त्या डबड्यातून आल्प्स चढून आला! फोटो पाठवून पाठवून जीव खाल्ला माझा."

"त्याचं डबडं पंधरा वर्षंही धावेल. तुमची?"

"इथे गाडी ठेवायचा परवानाच दहा वर्षांचा. मग जाईल भंगारात. पण बघाल तुम्ही, अंगावर एक ओरखडा नसेल तिच्या!"