उजव्या हाताची दोन बोटं

माझं गाव मुरगूड. बाची जमीन चार भावांत वाटली, माझ्या वाट्याला बांधच जास्त, म्हनून कोल्हापुरात एका गॅरेजात शिकलो आन् पुढं हायवेच्या कडंला, बायकोच्या च्याच्या गाड्याशेजारी, सोताची पान्यांची पेटी मांडली. ट्रक बंद पडला की मला हाक. आन् पावणं, हात बगायचा तर नीट बगा की, चोरून काय बगताय?

दुपारची येळ. उसाचा ट्रक हुबा, इंजनाच्या फॅनचा पट्टा तुटलेला. ड्रायव्हरला म्हनलं, चावी माझ्याजवळ दे. त्यो म्हनला, मी काय खुळा हाय व्हय, करा तुमी. एवढ्यात त्याला मालकाचा फोन, मालक आईभैनीवरनं सुरू, हिकडं मी आत हात घालून पट्टा चढवतोय, आन् ह्या मुडद्यानं झालं का बगाय स्टार्टर मारला. काय सांगू तुम्हाला, आदी दुखलंच न्हाय, नुसतं गरम वाटलं. बायकोनं पदर फाडून हात गुंडाळला, तिनंच रिक्षा आडवली. आन् त्यो? दुसऱ्या मिस्त्रीकडनं पट्टा चढवून, रगात पुसून कारखान्याला गेला. दवाखान्यात एकदाबी फिरकला न्हाय.

वरसानं त्योच ट्रक माझ्याच म्होरं बंद पडला. वळखलंबी न्हाय मला! मिस्त्री, पट्टा गेलाय बगा, म्हनला. मी चावी मागून घेतली, केबिनीत चढलो, म्हनलं, आता तू घाल हात. तवा त्यानं माझा हात बगितला आन् तोंड पांढरंफटक पडलं. घाल म्हनतोय न्हवं? घातला. मी चावी लावून बसलो, बायको खालनं वरडतीया, उतरा म्हंते, उतरा. पाच मिंटं ठेवला त्याला तसा. लेकरं हायत माझी, म्हनून रडाय लागला. आन् मला न्हाईत व्हय रं?

न्हाय फिरवली चावी. दया आली म्हनून न्हवं, बायकोनं वर चढून मनगाट धरलं माझं. पट्टाबी मीच घातला आन् म्हनलं, परत ह्या रस्त्याला दिसू नगंस.

आता डाव्या हातानं जेवतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा बगत बसतो, म्हनून जातच न्हाय. पाना धरतोय अजून, तीन बोटांनी, देवानं तेवढी ठेवली. बायको म्हंती, सोडून द्या आता. त्याचं वाटोळं हू दे, असं मी रोज म्हनतो आन् मला त्याचं काय वाईट वाटत न्हाय. तुमी लिवा काय लिवायचं त्ये, पर माफ केलं असं लिवू नका. केलेलं न्हाय.