तुमच्यासाठी भाजलेला राब

— नाही सर, तुम्ही वेळेवरच आलात. मीच सकाळी आटपून घेतलं. काय बघताय? राख आहे. भाताचं रोप टाकायच्या आधी इथं वाफ्यावर पालापाचोळा पसरून पेटवतात, त्याला राब भाजणं म्हणतात. घाटघरला त्यात नवल नाही. फक्त यंदा माझ्या शाळेतल्या पोरांनी पाला नुसता टाकला नव्हता, चित्र मांडलं होतं — वाफाभर, आठवडाभर खपून. तेच न्यायला आलात ना, कॅमेरेवाला घेऊन? घ्या की. हात लावून बघा, गरम असेल अजून.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या इंद्रायणीनं सागाच्या पानांचा आणि हिरड्यांचा बिबट्या केला, तुम्ही पुण्यात त्याचं कॅलेंडर छापलंत — आणि खाली नाव कुणाचं? तुमचं. मी फोन केला तर म्हणालात, मुलांना काय कळतं नावाबिवाचं. कळतं हो. पोरीनं ते कॅलेंडर पालथं घालून मागच्या कोऱ्या बाजूलासुद्धा स्वतःचं नाव शोधलं. तेव्हाच ठरवलं मी — या पुन्हा, दाखवते.

यंदा? यंदा चित्रात बाई होती. डोक्यावर टोमॅटोचं क्रेट घेतलेली — टोमॅटो पांगाऱ्याच्या फुलांचे, लुगडं जांभळीच्या पानांचं. इंद्रायणीची आई. नारायणगावला तोडणीला गेलीय ती, होळीपासून गावात नाही. आज येतेय एसटीनं — हो, हेच बघायला. म्हणून पोरीचा आजा, रखमाजीबाबा, राब उद्या भाजणार होता. मीच म्हटलं, आज वारा पडलाय, उद्याचा काय भरवसा, आजच पेटवा. "बाय, पोरीच्या आयला बघू द्या की येकडाव," म्हणाला. पण ऐकलं त्यानं. मी शिकलेली ना, माझं ऐकतात इथं.

पुन्हा मांडता येईल? कशानं? पांगाऱ्याचा बहर संपला, ती शेवटची फुलं होती.

फोटो? नाही. कुणालाच काढू दिला नाही मी — फिरत फिरत तुमच्या हाती लागला असता. पोरीनं विचारलं होतं, आईला पाठवायला एक काढू का, म्हणून. नको म्हटलं.

ती? ती देवळामागं बसलीय. मघापर्यंत काठीनं राख उकरत होती, एखादं फूल राहिलंय का बघत. माझ्याशी बोलत नाहीये. बोलेल. लहान आहे, तिला काय कळतं —

असो. मला तुमचा चेहरा बघायचा होता, सर. वीस किलोमीटर घाट चढून आलेल्या माणसाच्या हाती राख — तो चेहरा. आणि तुम्ही... काय म्हणालात? राखेचाच काढू? चांगला येईल?

कॅमेरा खाली घ्या. घ्या खाली. त्या वळणावर धुरळा दिसतोय ना, ती एसटी आहे. तिच्यातून उतरणाऱ्या बाईला मला काहीतरी सांगायचंय, आणि काय सांगायचं ते अजून — तुम्ही निघा. गाडी फिरवा. जा म्हटलं ना.