सोर्स सांगायचा नसतो

...सल्ला द्या म्हणे! अहो, परत? एकदा दिला तो पुरला नाही का? तुम्हाला सांगतो, आपल्या मराठी मंडळाच्या या चारुताताईंचा मला फोन आला, "गुरुनाथकाका, यंदा आपल्यातलीही काही मुलं कम्युनिटी कॉलेजला जातायत..." आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द त्यांनी इतक्या खालच्या आवाजात उच्चारले, की मला वाटलं कुणाला तरी आत घातलंय! "...तर तुम्ही तिथे शिकताच आहात, त्यांना अनुभवाचे दोन शब्द सांगा ना." सांगतो की! पण आधी पहिल्या सल्ल्याचं काय झालं ते ऐका, आणि मग ठरवा माझ्याकडून सल्ला घ्यायचा का.

मी नागपूरचा. उभी हयात तिथल्या एका दैनिकात बातमीदारी केली. महापालिका, पोलीस, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. म्हणजे काय, तर उठल्यापासून अंक छापायला जाईपर्यंत भांडायचं. उपसंपादकाशी भांडायचं कारण त्यानं बातमीचा इंट्रो कापला, जाहिरातवाल्याशी भांडायचं कारण त्यानं अर्धं पान खाल्लं, आणि घरी आलं की शैलजाशी, म्हणजे आमच्या हिच्याशी... तिला तर कारणही लागायचं नाही! ती गेली. मग मुलगा म्हणाला, "बाबा, एकटे काय करता तिकडे, इकडे या." आलो. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आलो. आणि तुम्हाला सांगतो, इथे माझ्याशी भांडायला कुणी नाही हो!

हसू नका. वरच्या मजल्यावर मुलगा, ईशान, हेडफोन लावून, बेसमेंटमध्ये सून, आश्लेषा, तीही हेडफोन लावून, आणि मधल्या मजल्यावर मी आणि डिशवॉशर. त्यातल्या त्यात बोलका तो डिशवॉशर. मी मुद्दाम काड्या करून बघितल्या. जेवताना म्हणालो, "पोह्यांत बटाटा घालणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये." आश्लेषा पुण्याची, जन्मभर बटाटा घालत आलेली! भडकायला हवी की नको? "ओके बाबा." ईशानला म्हटलं, "तुमचं ते सॉफ्टवेअर म्हणजे शुद्ध कारकुनी." तर म्हणतो, "साउंड्स गुड, बाबा." साउंड्स गुड? अरे, मी तुझा अपमान केलाय!

बरं, बाहेर जावं तर रस्त्यावर माणूस नाही. इतका सुंदर फुटपाथ, आणि त्यावर मी. क्वचित एखादं कुत्रं येतं, त्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, तो म्हणतो, "हाउ आर यू?" आणि उत्तरासाठी मी तोंड उघडेपर्यंत कुत्रं त्याला घेऊन गेलेलं असतं! दमून कुठे टेकावं, तर आख्ख्या वसाहतीत एक बाक नाही. झाडं आहेत, तळं आहे, तळ्यात बदकं आहेत, बदकांना काय घालू नये याची पाटी आहे... बाक नाही!

म्हणून कॉलेजात नाव घातलं. कम्युनिटी कॉलेजला वयाची अट नाही, मार्कांची अट नाही, दोन वर्षांचं स्वस्त शिक्षण, कुणीही जावं. इंग्रजी निबंधलेखनाचा वर्ग घेतला. मनात म्हटलं, कॉलेज आहे, कट्टा असेल, चहा असेल, दोन पक्ष असतील, एखादी मारामारीसुद्धा असेल. कसलं काय! कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय सांगू? एक अवाढव्य पार्किंग लॉट, आणि त्याला जोडून काही वर्ग. हॉस्टेल नाही. जो तो मोटारीतून येतो, तास करतो, मोटारीत बसतो आणि कामावर पळतो. शेजारच्या मुलाला म्हटलं, "नाव काय बाळा?" त्यानं कानातलं काढलं, "सॉरी?" म्हणाला, मी परत नाव विचारलं, त्यानं सांगितलं आणि परत कानात घातलं. सेमिस्टरभराचा आमचा एवढाच संवाद. आणि हे मला म्हणतात, सल्ला द्या!

तर निबंधाचा विषय होता, तुमच्या परिसरातली एक समस्या. आता ज्याची हयात यात गेली त्याला काय सांगावं लागतं? मी बाकाचाच विषय घेतला. दणकून लिहिलं. "विश्वसनीय सूत्रांकडून असे समजते की, वसाहतीच्या असोसिएशनच्या बैठकीत बाकाचा ठराव हाणून पाडण्यात आला, कारण बाक ठेवल्यास त्यावर लोक बसतील." पक्की बातमी होती! निबंध परत आला तर त्यावर लाल शाईत, एवढ्या मोठ्या अक्षरात... 'कोण म्हणतं?' आणि खाली, 'सोर्स द्या. माझ्या ऑफिस अवर्सना भेटा.'

सोर्स द्या? मला? अहो, सोर्स सांगायचा नसतो! मंत्र्यांच्या पीएनं दम दिला तेव्हा नाही सांगितला, पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलं तेव्हा नाही सांगितला, शैलजानं चिडून विचारलं, "रात्री-अपरात्री फोन करणारी ही बाई कोण?" तेव्हासुद्धा नाही सांगितला. आणि आता या वयात एका निबंधासाठी मी आमच्या पोस्टमनचं नाव... बघा, निघालं तोंडातून. विसरा ते.

आणि 'ऑफिस अवर्सना भेटा' म्हणजे मला वाटलं, साहेबानं मेमो दिला. कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि लढायच्या तयारीनं गेलो. लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या टोकाला खोली, दारावर नावसुद्धा नाही, कारण आम्हाला शिकवणारे हे गृहस्थ कंत्राटी. दिवसभर या कॉलेजातून त्या कॉलेजात गाडी पळवत शिकवायचं. त्यांचं नाव मीही सांगणार नाही, का ते कळेलच. आत ते एकटे, समोर थर्मासमध्ये सूप. मी दारातूनच म्हणालो, "मी सोर्स देणार नाही." ते म्हणाले, "मग मी डी ग्रेड देणार." मी म्हणालो, "द्या डी!" ते म्हणाले, "बसा, बसून भांडा."

बसून भांडा... तुम्हाला सांगतो, या देशात आल्यापासून इतकं प्रेमानं मला कुणी काही म्हटलं नव्हतं!

काय भांडलो! ते म्हणायचे, "वाचकाला तपासता आलं पाहिजे." मी म्हणायचो, "आणि सांगणाऱ्याची नोकरी गेली तर? तुम्ही देणार?" ते टेबलावर हात आपटायचे, मी त्यांच्याहून जोरात आपटायचो, एकदा सूप सांडलं, ते पुसतापुसता आम्ही स्वल्पविरामावरून भांडलो. निघताना ते म्हणाले, "या सत्रात इथे आलेले तुम्ही पहिलेच." मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. दर मंगळवारी दुपारी हा माणूस दार उघडं टाकून सूप पीत बसायचा आणि एक पोर फिरकायचं नाही! अहो, विद्यार्थ्यांनी यावं, काय वाटेल ते विचारावं, म्हणून मुद्दाम राखून ठेवलेली ही वेळ! मुलं समजतात, तिथे ढ पोरांना बोलावतात. तेव्हापासून प्रत्येक मंगळवार माझा. डी मिळाला, तरी पुढच्या सत्रात त्यांचाच दुसरा वर्ग घेतला. आश्लेषा विचारायची, "बाबा, आज इस्त्रीचा शर्ट?" मी म्हणायचो, "मीटिंग आहे." "ओके बाबा."

इथवर सगळं छान होतं. मग कॉलेजच्या एक उत्साही बाई आल्या. गुरुनाथ त्यांना झेपत नाही, त्या मला गुरू म्हणतात. "गुरू! नवीन मुलांच्या स्वागताला तुम्ही बोलायचं! यू आर सो इन्स्पायरिंग!" सल्ला द्या म्हणे! मी म्हटलं, देतो की, आपल्या बापाचं काय जातं?

सभागृहात गेलो. ठरवलं होतं, वेळेवर या, ग्रंथालय वापरा, इतपत गुळगुळीत बोलायचं. उभा राहिलो आणि शेवटच्या रांगेत एक मुलगी दिसली. तिला आपण अंतरा म्हणू... नाव बदललेलं आहे, उगाच मागे वळून बघू नका! आपल्यातलीच. मैत्रिणी सगळ्या मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांत गेल्या, ही इथे राहिली. हिची आई गणपतीत सगळ्यांना सांगत होती, "ती सध्या इथेच लोकली काहीतरी करतेय, मग मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर आहेच." आणि त्या दिवशी पोरीची गाडी गॅरेजला म्हणून तिला सोडायला आली, तर आभाळ भरलेलं असताना काळा गॉगल लावून, कुणी ओळखू नये म्हणून! अहो, काय चोरी केलीय पोरीनं? आदल्या आठवड्यात, वर्ग सुरू झाल्याझाल्या, मी हिला पार्किंग लॉटमध्ये बघितलं होतं. मोटारीत बसून, काचा वर करून, मांडीवर डबा घेऊन एकटीच जेवत होती. मी काच वाजवली. "अगं, आत जाऊन जेव की." म्हणाली, "इट्स फाइन काका, आय लाइक इट हिअर." जेवताना बघत मात्र होती फोनमधले मैत्रिणींचे फोटो.

ती मागे बसलेली, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लगेच ओळखू आलं, कारण दाढी करताना मला ते रोज दिसतं.

मग माझी जीभ सुटली. "पोरांनो, वेळेवर-बिळेवर या नाहीतर येऊ नका, पण तास संपला की मोटारीकडे पळू नका! ऑफिस अवर्सना जा! तिथे एक माणूस तुमच्यासाठी दार उघडं ठेवून बसलेला असतो, आणि तो तुम्हाला ओके म्हणत नाही, तो विचारतो, कोण म्हणतं? अरे, आपल्याला असं विचारणारं माणूस असणं याला नशीब लागतं!" टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "हू? व्हेअर?" आणि तुम्हाला सांगतो, पीएला नाही, पोलिसांना नाही, शैलजाला नाही, आणि त्या चार टाळ्यांना भुलून, त्या मागच्या पोरीकडे बघत मी नाव सांगितलं, वार सांगितला, वेळ सांगितली, खोलीचा नंबर सांगितला... वर हेही सांगितलं की सूप मागितलं तर देतात!

मंगळवार आला. इस्त्रीचा शर्ट घातला, भांडणाचा विषय पक्का केला, गेलो. कॉरिडॉरमध्ये वळतो तर... रांग! दारापासून पार पाण्याच्या नळापर्यंत. पोरं जमिनीवर फतकल मारून बसलेली. कुणाच्या हातात निबंध, कुणाच्या नुसताच फोन. आणि मध्यभागी आमची अंतरा, डबा उघडून, इकडून एक तिकडून एक पोरगी, आईच्या हातची थालीपिठं वाटतेय आणि खिदळतेय! "काका! यू टोल्ड अस टू कम! बसा ना!" बसा ना? माझे गुडघे तुझ्या वयाचे आहेत का? खाली बसलो तर उठवायला अग्निशमन दल लागेल! तिनं थालीपीठ दिलं. चांगलं होतं. तिला बरं वाटलेलं बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझा मंगळवार गेला हो!

तेवढ्यात दार उघडलं. गृहस्थ बाहेर आले, बाह्या वर सारलेल्या, थर्मास तसाच बंद, आणि चेहरा असा फुललेला की बस्स. मला बघून म्हणाले, "गुरू! इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही! ही सगळी मुलं इथे कुणी पाठवली?"

आख्खी रांग माझ्याकडे बघतेय. अंतरा तोंडावर हात ठेवून हसतेय. मी शर्टाची कॉलर नीट केली.

"सोर्स सांगायचा नसतो," म्हटलं.

त्यांनी रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळं समजून म्हणाले, "मग रांगेत उभे राहा."

मग काय... राहिलो उभा. सगळ्यात शेवटी, नळाच्याही पलीकडे. आणि तुम्हाला सांगतो, त्या एवढ्या लांब कॉरिडॉरमध्ये एक बाक नाही हो!